संजेत हत्ती

देवासच्या आमच्या महिला मंडळात मला ‘गाणी करणारी’ म्हणतात. करते मी, नाही कशाला म्हणू? पण चाली माझ्या नाहीत. चाली जीजीच्या. जीजी म्हणजे आमची शेजारीण, पक्की माळवी, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. तिच्या आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर, मध्ये हातभर बोळ. तिकडे ती पोळ्या लाटताना गायची, इकडे माझ्या भाजीला फोडणी बसेस्तोवर त्या चालीवर मराठी शब्द बसायचे. मग तेच मंडळात म्हणायचं आणि शाबासकी घ्यायची. जीजीला हे सगळं ठाऊक. “चोट्टी है तू लाडी,” असं खिडकीतून हसत म्हणायची. लाडी म्हणजे नवी नवरी. मी लग्न होऊन धारहून इथे आले तेव्हा म्हणायला लागली, आता मला सूनबाई आली तरी मी लाडीच.

तिचं माहेर धरमपुरी, नर्मदेकाठी. त्यामुळे तिच्या गाण्यांत सारखी नदी. नाव लागली, नाव सुटली, भाऊ न्यायला आलाच नाही. तेवढ्यावरून मी धरमपुरीच्या घाटाचं गाणं केलं:

पाण्याला घाई, नावेला नाही,
माहेरचा घाट मागे मागे राही.

मंडळातल्या बायका डोळे पुसायच्या. गंमत अशी की मी धारची, धरमपुरी धार जिल्ह्यातच, आणि मी ती आजतागायत पाहिलेली नाही. माहेरची मंडळी जुनी, संस्थानात नोकरीला असलेली. आमच्या बायका घराबाहेर पडायच्या त्या देवळात नाहीतर लग्नाला. नदी बघायला कोण नेतंय! एकदा इंदूरहून आलेल्या एका बाईंनी विचारलं, “घाट उतरायला अवघड आहे का हो?” मी ठोकून दिलं, “गुडघे धरून उतरावं लागतं.” हे जीजीला सांगितलं तर ती खिडकीचा गज धरून हसत सुटली, इकडे माझी भाजी करपली. सतवासच्या बाजाराचं गाणं, धामनोदच्या ढाब्यावर रात्र काढणाऱ्या ट्रकवाल्याचं गाणं, सगळी गावं मी अशीच तिच्या गळ्यातून पाहिलेली.

यंदा उन्हाळ्यात त्याच गळ्यात गाठ निघाली. इंदूरला ऑपरेशन झालं. गाठ साधीच होती, देव पावला. पण आवाज बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस दुखावली आहे, हळूहळू सुधारेल, किती ते आत्ता सांगता येणार नाही. मात्र गप्प राहायचं नाही; बोलायचं, गायचं, आवाज वापरायचा. आणि हिने काय करावं? तोंडच मिटून घेतलं. भाजीवाल्याला बोटाने दाखवायची, पुण्याला असलेल्या मुलाला फोनवर टाइप करून पाठवायची. स्वयंपाकघराची खिडकी लावून टाकली.

मी खिडकी वाजवली. एकदा नाही, रोज. “जीजी, थोडं तरी गा ना. डॉक्टर कहे हैं ना?” शेवटी एक दिवस फट उघडली आणि आतून खरखरीत कुजबुज आली, “बकरी जैसा निकलता है. मैं नी गाऊंगी अब. किसी के सामने नी.” फट बंद.

मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आलं की मी घरी येऊन भांडते. ह्यांनी पेपरातून मान वर न करता म्हटलं, “तुझी गाणी बंद पडली ना, म्हणून चिडचिड.”

“गाणी गेली खड्ड्यात!” मी म्हटलं. “ती बाई आतल्या आत विझत चाललीय. एकदा का तिला न गाण्याची सवय लागली की संपलं. मला ती गाताना हवीय. कशीही गाऊ दे.” ह्यांनी पेपर खाली ठेवला.

असा पावसाळा गेला आणि पक्षपंधरवडा आला. आमच्या मराठी घरांत हे दिवस म्हणजे सगळं चिडीचूप. नवं लुगडं नको, गाणं-बजावणं नको, काही म्हणजे काही नको. माळव्यात मात्र याच पंधरवड्यात मुली संजा मांडतात, संजाबाई म्हणजे त्यांची देवी. भिंतीवर शेणाची रोज एक नवी आकृती काढायची, वर तेरड्याच्या पाकळ्या चिकटवायच्या, आणि संध्याकाळी आरती करून गाणी म्हणायची. आमच्या गल्लीची संजा वर्षानुवर्षं जीजीच्या ओसरीवर. गल्लीतल्या दोन पिढ्यांच्या पोरींना तिनेच गाणी शिकवली.

यंदा पहिल्या संध्याकाळी जीजीचं दार बंद. पोरींनी काय केलं, बाजारातून छापील कागदाची संजा आणली, समोरच्या फाटकावर चिकटवली, आणि गाण्यांसाठी मोबाइल लावला. ढणढण ढणढण! माझं डोकंच फिरलं.

“अगं, मग आरतीसुद्धा मोबाइललाच ओवाळा!”

“क्या करें आंटी, जीजी बाहर ही नी आ रहीं.”

“येत नाही म्हणजे काय! चला इकडे.”

पदर खोचला, मागच्या गवळ्याकडून घमेलंभर शेण आणलं आणि जीजीच्या ओसरीच्या भिंतीला भिडले. सासूबाई असत्या तर ऐन पक्षात सुनेचे हे उद्योग बघून त्यांनी कपाळच बडवून घेतलं असतं. पण भिंतीसमोर उभी राहिले आणि लक्षात आलं की जन्मात मी संजा काढलेली नाही. मी मराठी घरची. मी काढलाय तो भोंडल्याचा हत्ती, नवरात्रात, पाटावर. हाताला जे येतं तेच हात करतो. आधी सोंड झाली. मग कान झाले. मग म्हटलं आता पाठही होऊ द्या.

“आंटी, ये क्या बन रिया है?”

“गप बसा. संजा आहे.”

एक पोरगी फिसकन हसली. मग दुसरी. मग सगळ्या खो खो करून हसायला लागल्या, आणि मी शेपटीला पाकळी लावत असताना दार उघडलं.

जीजीने भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा भिंतीकडे.

“हाथी?” ती म्हणाली. “हाथी! अरे, पहले दिन पाटला मंडता है, पाटला! संजाबाई के घर में हाथी ले आई! बैठेगा किधर?”

“बसेल कुठेतरी. तुला काय करायचंय? तू तर दार लावून बसलीस!”

“हट वहां से!” ती ओरडली, आणि पंजाने माझी सोंड पुसून टाकली.

ते अर्ध्या गल्लीला ऐकू गेलं. आवाज चिरका, फाटलेला, मध्येच गळणारा. पोरी एकदम गप्प झाल्या. त्या शांततेत जीजीला कळलं की आपण ओरडलो. तिने शेणाचा हात तसाच तोंडाकडे नेला. वाटलं, आता आत जाईल ती पुन्हा बाहेर येणार नाही.

मी हत्ती मुद्दाम काढला असं नंतर गल्लीत पसरलं. मुद्दाम कसलं डोंबलाचं! मला दुसरं काही काढताच येत नाही.

ती आत गेली नाही. खाली बसली, घमेलं ओढून घेतलं आणि हत्तीच्या पोटातून नीट चौकोनी पाटला काढला, संजाबाईला बसायचा पाट. पोरींनी पाकळ्या लावल्या, दिवा लावला, आणि उभ्या राहिल्या. मोबाइल बंद होता. पहिलं गाणं उचलणार कोण? सगळ्या जीजीकडे बघत होत्या. मी बघत नव्हते. मला बघवत नव्हतं.

मग तिने सुरू केलं. खालच्या सुरात, चाचपडत, अंधारात जिना उतरावा तसं. पहिली ओळ गेली. दुसरी ओळ वर चढते, तिथे आवाज फुटला आणि नुसती हवा आली. ती थांबली. मानेवरची ऑपरेशनची खूण लालभडक झाली होती. मी तिचा तो शेणाने भरलेला हात धरला, घट्ट. देवा, आता नको थांबवूस हिला, एवढंच मनात.

तिने वरची जागा सोडून दिली, तीच ओळ खाली घेतली, वाकडीतिकडी केली आणि पुढे गेली. पोरी मागून म्हणायला लागल्या. त्यांनीही ती ओळ खालीच घेतली. अख्खं गाणं झालं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पुसायला हात स्वच्छ नव्हता.

जीजी माझ्याकडे वळली. “कैसा लगा, लाडी? सच बोल.”

आम्ही इतकी वर्षं समोरासमोर काढली, तिच्याशी खोटं कसं बोलू? “भयंकर,” मी म्हटलं.

“तो फिर रो क्यूं रही है?” असं म्हणाली, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिने दुसरं गाणं उचललं.