गप्पीची पिल्लं आणि निळं जाळं

सरावली गावातल्या घरी आमच्या टाकीतल्या गप्पी मादीने पिल्लं दिली, तेव्हा मी सातवीत होते. काल माळ्यावर निळ्या जाळ्याचा हातभर तुकडा सापडला आणि ती सकाळ आठवली.

मादी आपलीच पिल्लं गिळत होती आणि मी रडत होते. दारावर मासळी विकायला आलेली काकू हसली. "मासे खाल्ले म्हणून रडते? माझा धंदा बुडवशील, बाय!"

मग तिने पाटीवरच्या जुन्या जाळ्याचा तुकडा कापला, धुतला आणि टाकीत मधोमध आडवा बांधला. "बारकी या भोकातून पार जातील. आयस नाय जायाची."

पिल्लं एकेक करून पलीकडे गेली. मादी जाळ्याला तोंड लावून थांबली.

दुसऱ्या दिवशी काकूने पाटी दाराबाहेर ठेवली आणि आधी टाकीत डोकावून मोजलं. सतरा पिल्लं होती.