एका तारेवर दोन फोन

जळगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी नेटवर्किंग शिकवायची, तेव्हा आमचं इंटरनेट फोनच्याच तारेवरून यायचं. कॉम्प्युटरशेजारी मोडेम नावाचा चपटा डबा. तो नाशिकच्या नंबरला फोन लावायचा, पलीकडचा डबा तो उचलायचा, आणि दोघं मिळून असे किंचाळायचे की खालचा मारवाडी कापडवाला वर येऊन विचारायचा, "बाई, मशीन बिघडलं का?" त्या किंचाळण्याला हँडशेक म्हणतात, असं मी फळ्यावर लिहायची आणि पोरं मुकाट उतरवून घ्यायची. डोक्यात किती शिरायचं, देव जाणे.

नीट समजलं ते आमच्या मायला. धाकटा भाऊ अमेरिकेत नोकरीला गेला म्हणून मी घरीही मोडेम बसवला होता. माय धुळ्याकडची, जळगावात उभा जन्म काढूनही बोलणं तिकडचंच. पहिल्यांदा तो कलकलाट ऐकून तिनं विचारलं, "हाऊ काय बोली ऱ्हायना?" मी सांगितलं, दोन यंत्रं कुठल्या वेगानं बोलायचं ते आधी ठरवतात, ठरलं की गप्प होऊन कामाला लागतात. "मंग हाई ते सोयरीकनी बैठक शे," ती म्हणाली. "पह्यले बठ्ठा वरडतस, जमनं का चूप." पुढे क्लासमध्ये मी हेच सांगायला लागले आणि पोरं पहिल्यांदा हसली.

मेल मात्र तिला कधीच पटला नाही. पोराचं लिहिलेलं पडद्यावर आलं की मी वाचून दाखवायची. ती शेवटपर्यंत ऐकायची आणि म्हणायची, "बरं शे. पन आवाज कोठे शे?" रविवारी सकाळी भावाचा फोन यायचा. त्या वेळी मोडेमला हात लावायची कुणाची छाती नव्हती, कारण मोडेम चालू की फोन एंगेज. एका तारेवर एका वेळी एकच बोलणं, हा नेटवर्किंगचा पहिला धडा आमच्याकडे माय लाटणं हातात घेऊन शिकवायची.

मग तिच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते आम्ही समजलो. भावाला मेलवर कळवलं होतं, पण "बरं नाही" एवढंच; नवी नोकरी धरतोय, पोर घाबरेल, असं आमच्या वडिलांचं, आबांचं म्हणणं. आणि नेमका त्याच दिवसांत तो दुसऱ्या गावी नव्या नोकरीवर गेला. नव्या घरात फोन बसला की लगेच करतो, तोवर ऑफिसात मेल बघतो, असं त्यानं लिहिलं. दोन रविवार फोन आला नाही. मायनं खाट फोनच्या खोलीत हलवायला लावली.

त्या सकाळी तिचा श्वास बदलला. दिवस कामाचा होता, भावाकडे आदली संध्याकाळ असणार; त्याच्या ऑफिसचा नंबर आमच्याकडे नव्हता, पण मेल तो तिथं बघेल. माय आबांना म्हणाली, "तेन्हा आवाज आयकाडा मले एक डाव." आबा अमळनेरच्या तेलगिरणीत जन्मभर नोकरी केलेला माणूस, एकदा धरलं की न सोडणारा. मोडेम जोडायला ते माझ्याकडूनच शिकले होते. "आयकाडस," म्हणाले, आणि कॉम्प्युटरपुढे बसले. "ताबडतोब घरी फोन कर" एवढाच मेल पाठवायचा होता. मी मायचा हात धरून बसले.

नाशिकची लाइन लागेना. आबा पुन्हा डायल करायचे, पुन्हा टूं टूं टूं. मध्येच लागायची, डबे किंचाळायचे, आबा मान ताठ करून पडद्याकडे बघायचे, आणि मेल जायच्या आत लाइन तुटायची. आबा डबा पुसायचे, वायर काढून घट्ट बसवायचे, पुन्हा डायल. दर वेळी तो आवाज सुरू झाला की माय डोळे उघडायची. नंतर नंतर तिनं उघडले नाहीत.

शेवटी मेल गेला. आबा जोरात म्हणाले, "गया वं! आते करीच तो फोन." मी मायच्या नाडीवरची बोटं काढली नव्हती. मला माहीत होतं, ती केव्हाच थांबली होती.

आबांनी वायर मोडेममधून काढून फोनला लावली, तोच फोन वाजला. भावाचा आवाज त्या खोलीत मलाही ऐकू आला, आनंदानं फुललेला. मेल त्यानं पाहिलाच नव्हता. "आबा, आजच मन्हा नवा घरमा फोन बसना, पह्यला तुमलेच! किती येळना लाई ऱ्हायनू, एंगेजच येस. कोनसंगे इतल्या गप्पा चालू व्हत्यात?"

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग मायकडे. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. ते फोनमध्ये म्हणाले, "तुन्हासंगेच रे, भाऊ."

"मायले द्या ना."

आबा उठले. रिसीव्हरची वायर पुरेना, म्हणून त्यांनी फोनच उचलून खाटेवर ठेवला, गुडघे टेकून बसले आणि रिसीव्हर मायच्या कानाला लावला. तिकडून भाऊ बोलत होता, जेवली का, औषध घेतलं का, थंडी किती शे इकडे. मी आबांना थांबवलं नाही.