जळालेलं कार्ड

मूल शहरातल्या टेलिफोन ऑफिसात राउटर माझ्या देखरेखीखाली होता. त्यातलं कंट्रोल कार्ड रस्ते ठरवून बाकीच्या कार्डांना सांगतं, आणि आलेली डेटाची पॅकेटं त्या रस्त्यानं पुढं ढकलायचं काम ती कार्डं करतात. एका दुपारी कंट्रोल कार्ड जळालं. थोड्या वेळानं गडचिरोलीकडची केबलही तुटली. दुसरी केबल शाबूत होती, पण ते सांगणारंच कोणी उरलं नव्हतं. कार्डं तुटलेल्या केबलीतच पॅकेटं ढकलत राहिली.

"कार्डाचे हिरवे दिवे तं चालू हायेत, मंग नेट बंद काऊन म्हणता?" साहेबांनी विचारलं. मी जळालेलं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं.

त्याच आठवड्यात गावी गेलो. आमच्या तलावात कोणी कुठं जाळं टाकायचं, हे दरवर्षी बाबा ठरवायचे. बाबा उन्हाळ्यात वारले होते. पावसाळ्यात तलावाची एक बाजू गाळानं भरली होती, आणि काका नेमके तिथंच चिखलात उभे राहून रिकामं जाळं ओढत होते. पलीकडं चांगलं खोल पाणी होतं.

"काका, इथी काऊन टाकून राह्यले?"

"तुह्या बाबानं मले हेच जागा देल्ली होती," ते म्हणाले. "आता बदलून कोन देईन?"