दुष्काळ नावाचा खेळ

दुष्काळ सरून दोनच वर्षं झाली होती. मी सांगलीच्या एका शाळेत शिकवायचो आणि मुलांच्या एका मासिकात नव्या बैठ्या खेळांबद्दल लिहायचो. सापशिडीचे, व्यापाराचे नाना प्रकार बाजारात येत. मुलांबरोबर खेळून बघायचं आणि पानभर लिहायचं, एवढंच काम.

दिवाळीच्या तोंडावर संपादकांनी एक खोका पुढे सरकवला. झाकणावर भेगाळलेली जमीन आणि तिच्यावर चक्क हसणारा शेतकरी. नाव 'दुष्काळ'. सांगलीतल्याच एका छापखानेवाल्यानं काढला होता.

पट उघडून घरांवरचं वाचायला लागलो. 'विहीर आटली, तीन घरं मागे.' 'मदतीची सुकडी मिळाली, पुन्हा फासा टाका.' बैलांच्या सोंगट्या होत्या. गुरांच्या छावणीत बैल मेला की सोंगटी आडवी करून ठेवायची. आणि सगळ्यात मोठी उडी कशाला? 'धान्य दडवलं, दहा घरं पुढे.'

आमचं गाव कोरेगावच्या पूर्वेला, कोरडवाहू. माझी थोरली वहिनी दुष्काळाचे दोन्ही उन्हाळे सरकारी कामावर खडी फोडायला गेली होती.

तरी काम म्हणून वर्गातल्या मुलांना खेळायला दिला. शाळा सुटली तरी पोरं उठेनात. मागे पडलेलाही शेवटपर्यंत आशेवर राहावा, असा नशीब आणि डोक्याचा नेमका मेळ. खेळ म्हणून खोड काढायला जागाच नव्हती, आणि त्यामुळे तर जास्तच शिसारी आली.

"सर, यावर मी लिहिणार नाही," मी संपादकांना म्हणालो. "किळस येते मला."

"ती घरी ठेवा. खेळ कसा आहे ते लिहा. कारलं न आवडणाऱ्यालाही भाजी जमलीय की नाही ते सांगता आलं पाहिजे."

"कारल्यानं कुणाचे बैल मेले नाहीत, सर."

ते पुढचं हस्तलिखित तपासायला लागले.

सुट्टीत खोका घेऊनच गावी गेलो. वाटलं, वहिनी तरी संतापेल. फौजेतला थोरला भाऊ रजेवर आला होता. दोघं ओसरीवर पट मांडून बसली. घरांवरचं मी वाचून दाखवत होतो. वहिनीची सोंगटी 'धान्य दडवलं'वर पडली, तशी ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"आवं भावजी, लय ग्वाड खेळ हाय ह्यो!" मग भावाकडे वळून, "तुमचा बैल मेला न्हवं? करा आडवा!"

"वैनी, राग न्हाई येत तुमास्नी?"

"कशाचा? खऱ्यात आमी मागंच सरत गेलो. हितं तरी म्होरं जाऊ द्या की."

ती जिंकली. माझी किळस मात्र तिळभरही कमी झाली नाही.

परत येऊन लिहिलं. नियम सोपे, रचना पक्की, चुरस शेवटपर्यंत टिकते. सगळं खरं होतं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं, की तरीही हा पट मी माझ्या घरात ठेवणार नाही, आणि का ते सांगितलं. अंक आला तेव्हा तो परिच्छेद गायब.

"ती तुमची आवड झाली," संपादक म्हणाले. "परीक्षण वरती संपलं होतं."

खेळ हातोहात खपला. छापखानेवाला मला शोधत शाळेत आला. शाईनं काळ्या झालेल्या दोन्ही हातांत माझा हात धरून म्हणाला, "तुमच्यासारखा निःपक्षपाती माणूस बघितला नाही." मी हात सोडवून घेतला. त्यानं पिशवीतून कागद काढून माझ्या टेबलावर पसरला. "पुढचा बघा. 'महापूर'. ढोरं वाहून जातात, घरं पडतात. पोरांना लय आवडंल."

बघायचं नव्हतं, तरी डोळे पटावर फिरलेच. नावेचं घर फार लवकर येत होतं. ते चार घरं पुढे सरकवलं असतं तर डाव रंगला असता. हे मला दिसलं, पण त्याला सांगितलं नाही. कागद गुंडाळून त्याच्या हातात दिला आणि नळावर जाऊन साबणानं हात धुतले.

त्याच आठवड्यात संपादकांना सांगून टाकलं, की आता दुसरा माणूस बघा.