दादाने साफ केलेलं आकाश

मांडवीजवळ माझ्या थोरल्या भावाचा फोटोचा स्टुडिओ होता. गिऱ्हाइकांच्या तोंडावरचे देवीचे वण काचेच्या प्लेटवरच पेन्सिलीने बुजवण्यात त्याचा हातखंडा होता आणि त्याचा त्याला भारी माज होता. त्याच्या स्वतःच्या गालांवरही वण होते, पण त्याच्या एकाही फोटोत ते कधी दिसले नाहीत.

दरवर्षी मार्गशीर्षाच्या सुमारास उल्का पडतात, म्हणून मी त्याचा कॅमेरा मागून आणला आणि तीन रात्री गच्चीवर कुडकुडत बसलो. तिसऱ्या रात्री कॅमेऱ्यासमोरूनच एक ठळक उल्का गेली. प्लेट धुतली तर कॅमेरा तासभर उघडा राहिल्याने उमटलेल्या, सरकत्या ताऱ्यांच्या बाकदार रेघांना छेदून जाणारी तिची सरळ रेघ स्पष्ट उमटली होती.

कागदावर छापायला ती प्लेट दादाकडे ठेवून मी कचेरीत गेलो, हा माझा गाढवपणा. संध्याकाळी तो म्हणाला, "मधोमध ओरखडा होता. चाकूने खरवडून एकदम चोख्खं करून दिलंय."

"ती उल्का होती," मी म्हटलं.

"ओरखडा कोणता ते तू मला शिकवू नकोस."

त्यानंतर मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो.

दादा गेला तेव्हा भिंतीवर लावायचा त्याचा फोटो मीच काढलेल्या एका जुन्या प्लेटवरून छापायचा होता. वहिनी रडत म्हणाली, "भावजी, तेवढे वण काढा हं." मी पेन्सिलीला हातही लावला नाही.