बायकांच्या बाजूचे फोटो

माझं लग्न ठरलं तेव्हा फोटो कोण काढणार, हा प्रश्न सुटल्यातच जमा होता. सासर अंथुर्ण्याचं. थोरल्या दिरांच्या लग्नात पुण्याच्या एका मोठ्या कंपनीची माणसं आली होती, ड्रोन उडाला होता, आणि घरी पाहुणा आला की तो व्हिडिओ अजूनही टीव्हीवर लागतो. धाकट्या भावाच्या लग्नालाही तीच कंपनी येणार, असं दीर धरूनच चालले होते. फोटोचा खर्च नवरीकडं असल्यामुळे त्यांनी अब्बांना नंबर तेवढा पाठवला.

कंपनीची एक शाखा बारामतीत होती. अब्बा, अम्मी आणि मी तिथं गेलो. थंडगार खोली, भिंतभर पडदा. तिथला मुलगा फार नम्र होता. त्याने आम्हाला एकामागून एक लग्नं दाखवली. प्रत्येक नवरी धुरातून हळूहळू चालत येत होती आणि तिसऱ्या-चौथ्या लग्नानंतर मला कुठली कोण ते कळेनासं झालं. अब्बा मान हलवत होते. अम्मी बुरख्यात, खुर्चीच्या कडेला बसलेली. तिने एकच विचारलं, "बायकांच्या बाजूला कोण येणार?"

"आमची टीम येते, काकू. सगळीकडे असते."

"टीममधी बाई हाय का?"

"सध्या नाहीये. पण आमची मुलं एकदम सभ्य आहेत."

"असतील की," अम्मी म्हणाली.

आमच्याकडे लग्नात कार्यालयाच्या मधोमध पडदा लागतो. पडद्याच्या आत आल्यावर बायका बुरखे उतरवतात. आतले कपडे, दागिने, गजरे, हसणं-खिदळणं, सगळं तिथंच. तिकडे परका पुरुष येत नाही, म्हणून तिथले फोटोही निघत नाहीत. लहानपणापासून मी हे पाहत आले होते, त्यामुळे त्यात काही राहून जातं असं मला कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी अब्बा दुकान बंद करून आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "माझ्या लग्नातबी फोटोवाला व्हता. अल्बममधी घोडा हाय, बँडवाले हायत, बिर्याणीची डेग हाय. तुझी आई न्हाय." अम्मी आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थोडा वेळ थांबला, मग पुन्हा सुरू झाला. अब्बा मला म्हणाले, "एखादी बाई बघ."

फोटोवाली मला माझ्या मैत्रिणीकडून मिळाली. सांगवीची, शेतकऱ्याची मुलगी, माझ्याहून थोडी मोठी. बारामतीत तिचं दुकान नव्हतं, बोर्ड नव्हता. डोहाळजेवणं, बारशी, लग्नं असं एकटीने करायची. स्कूटीवरून घरी आली ती कॅमेरा न घेताच. अम्मीजवळ स्वयंपाकघरात बसली, चहा प्यायली, आणि निकाह कसा होतो, कोण कुठं बसतं, हे सगळं विचारून घेतलं. मग अब्बांना सरळ सांगितलं, "चाचा, मी एकटी आहे. एका वेळी दोन्हीकडं असणार नाही. निकाहच्या वेळेला मी नवरीपाशी असेन. तिकडचे फोटो हुकतील."

"हुकू दे," अब्बा म्हणाले.

"आणि बायकांच्या बाजूचे फोटो मी कुठं टाकणार नाही. छापून तुमच्या हातात देईन."

अम्मीने न विचारता तिला दुसरा कप ओतला. आमचं ठरलं.

दिरांचा फोन आला. "एकट्या बाईच्यानं एवढं लग्न झेपंल का? लोकं काय म्हणतील?" अब्बांनी शांतपणे सांगितलं, "राव, ड्रोन तुमी उडवा, आमची ना न्हाय. आत मात्र हीच पोरगी असंल." दीर नाराज झाले, पण तुटेपर्यंत ताणलं नाही. ड्रोनचं नावही पुढे कुणी काढलं नाही.

लग्न बारामतीच्या कार्यालयात, दुपारचं. ऐन गळिताचा हंगाम. आम्ही सगळ्या नटून बसलो आणि वरात काही येईना. मग निरोप आला, भवानीनगरच्या अलीकडे उसाची ट्रॉली उलटलीय, रस्ता बंद. शेतातून वळसा घालायला मोठ्या गाड्यांना वाट नाही. आतमध्ये मुलं रडायला लागली. अम्मीची बहीण, माझी खाला, म्हणायला लागली, पोरीच्या लग्नात असं व्हायला नको होतं. नवरदेव येतोय की नाही, असलं काहीतरी खुळ्यासारखं माझ्या मनात यायला लागलं.

फोटोवाली माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आमचाबी ऊस असाच उलटला होता मागं. उचलतात सगळे मिळून. येतील." मग उठली, बायकांच्या जेवणघराच्या खिडकीचा पडदा बाजूला केला, एक खुर्ची उजेडात ठेवली आणि खालाला म्हणाली, "तोवर तुम्ही या."

खाला नको नको म्हणत बसली. मग अब्बांची बहीण, फुफी. मग शेजारच्या चाची, ज्यांनी आयुष्यात आधारकार्डाशिवाय फोटो काढलेला नव्हता. फोटोवाली कुणाला हसा म्हणत नव्हती. नुसती गप्पा मारायची, बांगड्या कुठल्या, कोणी भरल्या. थोड्या वेळाने खुर्चीसाठी रांग लागली. रडणारी मुलंसुद्धा बघायला आली. अम्मी मात्र वाढणाऱ्या बायकांना सूचना देण्याचं निमित्त काढून लांब फिरत होती. शेवटी खालानेच तिला दंडाला धरून आणलं. अम्मी बसली आणि कॅमेऱ्याकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघत राहिली. "असंच राहू दे, चाची," फोटोवाली अम्मीला म्हणाली.

वरात आली तेव्हा दुपार कलली होती. निकाहचा वकील आणि गवाह, सगळी घरचीच माणसं, पडद्याआड माझी मंजुरी विचारायला आले तेव्हा फोटोवाली माझ्या डाव्या हाताला, गुडघ्यावर बसलेली होती. मी कबूल म्हणाले. अम्मीचा हात माझ्या पाठीवर होता, हे मला नंतर फोटोत दिसलं. त्या क्षणी मला काहीच जाणवलं नव्हतं.

वरातीची कहाणी नंतर कळली. गाड्या अडकल्यावर नवरदेवासकट सगळे उतरले आणि रस्त्यावरचा ऊस बाजूला करायला लागले. थोरल्या दिरांनी तर कोट काढून ठेवला होता म्हणे. नवऱ्याच्या शेरवानीला धूळ, हाताला पाचटाचे ओरखडे. सासूबाई पुसायला धावल्या तर ती म्हणाली, "थांबा मावशी, आधी हे घेऊ द्या." तो फोटो आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. नवरा म्हणतो, बाकीचे फोटो कुणाच्याही लग्नाचे असू शकतात, हा माझाच आहे.

त्याने कबूल म्हटल्याचा फोटो मात्र नाही. कुणा भाच्याने मोबाइलवर काढलाय, त्यात अर्धा खांब आलाय. दीर त्यावरून अजून टोमणा मारतात. आम्ही हसतो.

अल्बम घेऊन ती स्वतः अंथुर्ण्याला आली. सासूबाई पानं उलटत होत्या आणि एका पानावर थांबल्या. हातात ताट, पदर खांद्यावरून घसरलेला, खालाच्या कुठल्याशा बोलण्यावर सासूबाई तोंड उघडून हसतायत. मला वाटलं, आता रागावतील.

"ही मी हाय व्हय?" त्या म्हणाल्या.

"व्हय, मावशी."

"मी अशी हसते?" बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याची एक मोठी कॉपी काढून दे. माझ्या खोलीत लावायची हाय."

शेवटच्या पानावर अब्बा-अम्मी होते. माझी रुखसत, म्हणजे पाठवणी, झाल्यावर, रिकाम्या कार्यालयात, उलट्या केलेल्या खुर्च्यांच्या मधे दोघं शेजारी बसलेले. अब्बांनी टोपी काढून मांडीवर ठेवलीय. अम्मीचे डोळे सुजलेत, पण ती अब्बांना काहीतरी सांगतेय आणि ते ऐकतायत. त्या वेळी मी गाडीत रडत इंदापूरच्या रस्त्याला लागले होते. मागे त्यांचं काय झालं असेल, ही काळजी मी कितीतरी दिवस बाळगली होती. आणि इथं ते दोघं होते, एकमेकांना धरून.

मी तिला विचारलं, "तू थांबली होतीस?"

"तुझ्या अम्मींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही," ती म्हणाली.

मी तिचे आभार मानायला गेले आणि मला रडूच आलं. सासूबाईंनी तिच्या पुढ्यात शेवयांची वाटी ठेवली आणि म्हणाल्या, "खा पोरी. आता आमच्या पुतणीचं लग्न निघालंय, तारीख धरून ठेव."