झाकणातली रबरी रिंग

मी पदवीधर झालो तो मुलुंडच्या मामांमुळे. गावाहून येऊन त्यांच्याच घरी राहिलो. ते हौसेने घरी बिअर बनवायचे आणि ती भरायचे स्टीलचे केग, म्हणजे छोटी पिंपं, मी धुवायचो. झाकणातली रबरी रिंग मात्र काढू द्यायचे नाहीत. सैल पडेल म्हणायचे.

एकदा बिअर आंबट होऊन नासली. पाहुण्यांसमोर मामा म्हणाले, "केमिस्ट्रीवाला ना रे तू? तुझी अंगठाछाप आई याहून बरी भांडी घासते!"

सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी रिंग काढली. खाली काळा, बुळबुळीत थर होता.

नोकरी लागल्यावर मी घर सोडलं आणि मामांना लिहिलं: "तुमचे उपकार विसरणार नाही. घाण रिंगखाली होती. दर वेळी काढून धुवा. त्या दिवशी मी आईवर हसलो, हे तिला सांगितलंय. तुम्ही काय म्हणालात ते तुम्हीच सांगा."